लाइव्हसाठी हार्डवेअर एन्कोडर: डबा भारी, सेटअपचं पेज मात्र डोकं खातं

आधी मार्क सांगून टाकतो. पाचपैकी चार. पिक्चरला पाच, आवाजाला साडेतीन, नेट गेल्यावर कसा वागतो त्याला पाच, आणि ब्राउझरमध्ये जे सेटअपचं पेज उघडतं त्याला दोन, ते पण दया म्हणून. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण आतला बोर्ड तोच ठेवून वर वेगवेगळी लेबलं लावून हा डबा विकला जातो, मेनूपण तोच असतो, फक्त कोपऱ्यातला लोगो बदलतो. त्यामुळे एचडीएमआय इन, एक लॅन पोर्ट, ३.५ एमएमचं एक ऑडिओ इन, एक मेमरी कार्डाचा स्लॉट आणि दोन मिणमिणते दिवे असा काळा छोटा डबा तुमच्याकडे असेल तर खालचं बहुतेक सगळं तुम्हालाही लागू पडेल.

हा डबा करतो काय ते एका ओळीत: कॅमेऱ्यातून १०८०पी ६० फ्रेमचा सिग्नल निघतो तेव्हा (रंगाची माहिती १० बिट ४:२:२ प्रकारची धरा) सेकंदाला जवळजवळ २.५ गिगाबिट डेटा असतो, आपण प्लॅटफॉर्मला (यूट्यूब, फेसबुक वगैरे) पाठवतो ६ मेगाबिट, म्हणजे चारशे पटीच्या वर दाबायचं आणि तेही एकही फ्रेम न अडखळता, तासनतास. लॅपटॉपवर ओबीएस नावाचं सॉफ्टवेअर हेच करतं आणि फुकटात करतं, माझं ओबीएसशी काही वाकडं नाही, ग्राफिक्स, टायटल, सीन बदलणं हे सगळं तिथेच चांगलं होतं. पण लॅपटॉपला दुसरीपण कामं असतात ना. मध्येच अपडेट, मध्येच कुणाच्या मेसेजचा टिंग थेट लाइव्हमध्ये, यूएसबी कॅप्चर कार्ड जरा हललं की पिक्चर काळं. या डब्याला दुसरं कामच नाही. करंट दिला, केबल लावल्या, की सुरू. मात्र याच्याकडून स्विचिंगची, म्हणजे एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर जायची, अपेक्षा ठेवू नका, दोन कॅमेरे असतील तर याच्या आधी स्विचर लागणारच, हा फक्त जे आत येतं ते बाहेर पाठवतो.

आता सेटअप. बॉक्समध्ये जो कागद येतो त्यावर एक आयपी अॅड्रेस, एक युजरनेम आणि एक पासवर्ड आहे, बाकी मॅन्युअल म्हणजे मेनूचे फोटो आणि प्रत्येक फोटोखाली त्याच मेनूचं नाव, झालं. माझ्या डब्याचा फॅक्टरी आयपी १९२.१६८.१.१६८ होता. राउटर १९२.१६८.० वाली रेंज देत असेल तर डबा लावला तरी पेज उघडणारच नाही, आणि इथेच निम्मे लोक डबा खराब आहे म्हणून परत पाठवत असणार असा माझा अंदाज आहे. करायचं एवढंच की लॅपटॉपला थेट लॅन केबलने डबा जोडायचा, लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जाऊन हाताने १९२.१६८.१.१० असा काहीतरी आयपी द्यायचा, मास्क २५५.२५५.२५५.०, लॅपटॉपचं वायफाय तेवढ्यापुरतं बंद, आणि मग ब्राउझरमध्ये डब्याचा आयपी टाकायचा. पेज उघडलं की पहिलं काम पासवर्ड बदला, कारण युजरनेम अॅडमिन आणि पासवर्डही अॅडमिन, आणि त्याच पेजवर तुमची स्ट्रीम की (तुमच्या चॅनेलवर लाइव्ह जायची किल्ली) उघड्यावर दिसते.

नंतर डीएचसीपी ऑन केलं की राउटर देईल तो आयपी हा घेतो, चांगलं आहे, पण डब्याला स्क्रीन नाही त्यामुळे घेतला कुठला ते राउटरच्या यादीत जाऊन शोधावं लागतं. राउटरमध्ये त्याच्या मॅक अॅड्रेसला (डब्याचा स्वतःचा हार्डवेअर नंबर) एक आयपी कायमचा बांधून टाका म्हणजे रोजची शोधाशोध नको. जिथे राउटर आपल्या ताब्यात नाही अशा ठिकाणी मी पुन्हा हातानेच आयपी टाकतो, आणि तिथे गेटवे आणि डीएनएस या दोन खान्यांकडे नीट बघायचं. गेटवे फॅक्टरीत १९२.१६८.१.१ भरलेला येतो, तुमच्या राउटरचा पत्ता वेगळा असेल तर मजा अशी होते की पेज उघडतं, प्रिव्ह्यू दिसतो, सगळं हिरवं, आणि स्ट्रीमच्या समोर नुसतं "कनेक्टिंग" फिरत बसतं. बाहेर जायचा दरवाजाच चुकीचा सांगितलाय तर तो जाणार कसा. डीएनएस रिकामा ठेवला तरी हेच होतं, कारण सर्व्हरचं नाव दिलंय आणि नावावरून आकडा काढून देणारं कुणी नाही. ८.८.८.८ टाका, पुढे चला.

आता एक अशी गोष्ट जी मला कुठल्याच मॅन्युअलमध्ये दिसली नाही. डब्यात घड्याळाची बॅटरी नाही. करंट काढून परत लावला की तारीख १ जानेवारी १९७०. साध्या आरटीएमपीला (प्लॅटफॉर्मपर्यंत लाइव्ह पाठवायची नेहमीची पद्धत) याचं काही वाटत नाही, पण आरटीएमपीएस म्हणजे सुरक्षित कनेक्शन असेल तर डबा आधी सर्व्हरचं सर्टिफिकेट तपासतो, आणि १९७० सालात बसून बघितलं तर ते सर्टिफिकेट अजून जन्मालाच आलेलं नाही, म्हणून कनेक्शन नाकारतो. एरर काय दाखवतो? "फेल्ड". बस. कशामुळे, काही नाही. सिस्टीम टॅबच्या एकदम तळाशी एनटीपीचा, म्हणजे नेटवरून वेळ घ्यायचा, खाना आहे, त्यात चालणारा टाइम सर्व्हर टाकला (मी पूल.एनटीपी.ऑर्ग टाकलाय, पत्ता अर्थात इंग्रजी अक्षरांत) की नेट मिळाल्या मिळाल्या तारीख बरोबर होते आणि लाइव्ह लागतं. फेसबुकने २०१९ मध्येच साधं आरटीएमपी बंद करून आरटीएमपीएस सक्तीचं केलं, त्यामुळे तिथे जाणाऱ्यांनी तर हा खाना सोडूच नये. एवढ्या महत्त्वाच्या गोष्टीला तळाशी गाडून टाकणाऱ्या माणसाला एकदा भेटायचंय मला.

व्हिडिओच्या टॅबवर येऊ. इनपुट आपोआप ओळखतो, इथे तक्रार नाही. पिक्चर काळं आलं तर आधी सिग्नल कुठून येतोय ते बघा: लॅपटॉप किंवा प्लेअरमधून कॉपी प्रोटेक्शन असलेलं काही लावलं असेल तर एचडीसीपीमुळे डबा काळंच दाखवणार, तो डब्याचा दोष नाही. आणि कॅमेऱ्याच्या मेनूत जाऊन क्लीन एचडीएमआय करून घ्या, नाहीतर बॅटरीचं चिन्ह आणि फोकसचा हिरवा चौकोन अख्ख्या जगाला दिसतो. कॅमेऱ्याचं ऑटो पॉवर ऑफपण बंद. जुना कॅमकॉर्डर असेल आणि तो १०८०आय (एकाआड एक ओळींची अर्धी-अर्धी चित्रं) देत असेल तर डब्यातलं डीइंटरलेसचं चेकबॉक्स टिक करा, ते फॅक्टरीत बंद येतं. टिक केलं नाही तर माणसाने हात हलवला की हाताच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा येतात आणि बोलणारा माणूस हातवारे करणारा असला तर बघवत नाही.

मग येतो जीओपी, म्हणजे दोन कीफ्रेममधलं (पूर्ण चित्रांमधलं) अंतर. याच्यावर जरा थांबतो कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे. प्लॅटफॉर्म सांगतो कीफ्रेम दर २ सेकंदांनी द्या (यूट्यूब तर स्पष्ट सांगतं की २ ठेवा, ४ च्या वर जाऊ नका). ओबीएसमध्ये हा आकडा सेकंदात भरायचा असतो, या डब्यात फ्रेममध्ये. तिथे २ भरलं म्हणजे दर दोन फ्रेमला एक पूर्ण चित्र, सगळा बिटरेट (सेकंदाला पाठवायचा डेटा) त्यातच जातो आणि पिक्चरचा भुगा होतो. फ्रेमरेट गुणिले दोन, हा हिशोब: २५ ला ५०, ३० ला ६०, ५० ला १००, ६० ला १२०. आणि आता त्यातली गंमत, तुम्ही फ्रेमरेट बदलला तरी जीओपीचा आकडा डबा आपणहून बदलत नाही. म्हणजे काल २५ वर ५० ठेवलं होतं, आज ५० फ्रेमवर गेलात तर कीफ्रेम दर एका सेकंदाला पडायला लागते. उलटं केलंत तर चार सेकंदांना, आणि मग डॅशबोर्डवर पिवळी वॉर्निंग. कीफ्रेमचा एवढा बाऊ का, तर प्लॅटफॉर्म आपला प्रवाह छोट्या छोट्या तुकड्यांत कापून प्रेक्षकांना देतो आणि कापायची जागा कीफ्रेमवरच मिळते. कीफ्रेम लांब तर तुकडे लांब, तुकडे लांब तर प्रेक्षकाला सुरू व्हायला आणि क्वालिटी बदलायला वेळ.

बिटरेटला सीबीआर, म्हणजे कायम एकसारखा, ठेवा. व्हीबीआरमध्ये (गरजेप्रमाणे कमी-जास्त) मंच शांत असताना छान बचत होते आणि मग अचानक गर्दी उठली, पाऊस आला, लाइट फिरायला लागले की बिटरेट एकदम उसळी मारतो आणि नेमका त्याच क्षणी नेट गुदमरतं. किती ठेवायचा याचा माझा नियम असा की ज्या जागेवरून करायचंय तिथलं अपलोड मोजायचं (डाउनलोड नाही, लोक नेहमी डाउनलोडचा आकडा सांगतात आणि खूष असतात) आणि त्याच्या निम्म्याच्या आसपास राहायचं. १० मेगाबिट अपलोड असेल तर ५ पाठवा. मोबाइल डेटावर करत असाल तर ५ मेगाबिटने तासाला सव्वादोन जीबी जातात हे पण लक्षात असू द्या. आणि डबा एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी पाठवू शकतो असं पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, खरं आहे, पाठवतो, पण प्रत्येक ठिकाणाचा बिटरेट वेगळा लागतो, दोन ठिकाणी ५ म्हणजे १० झाले, हे पुठ्ठ्यावर लिहिलेलं नाही.

प्रोफाइल हाय, १०८०पी ६० असेल तर लेव्हल ४.२, एवढं ठेवलं की विषय संपला. एच.२६५ चं बटण बघून मोहात पडू नका. कोडेक (व्हिडिओ दाबायची पद्धत) चांगलाच आहे, कमी बिटरेटमध्ये तेवढंच पिक्चर देतो, पण मूळ आरटीएमपीमध्ये त्याला जागाच नव्हती, नंतर एनहान्स्ड आरटीएमपी आलं त्यात ती सोय झाली. या डब्याचं आरटीएमपी जुनंच आहे. एच.२६५ निवडलं की डबा म्हणतो कनेक्टेड, पलीकडे आवाज येतो आणि चित्राचा पत्ता नाही. एच.२६४ ठेवा. २००३ चा कोडेक आहे पण अजून सगळीकडे चालतो.

आता आवाज, जिथे दीड मार्क गेला. एचडीएमआयमधून येणारा आवाज घेतलात तर काही प्रॉब्लेम नाही, पण कार्यक्रमात आपण मिक्सरमधून घेतो. डब्याचं ३.५ चं होल हे लाइन इन आहे, स्टिरिओ, अनबॅलन्स्ड. मिक्सरचं आउट बहुतेक वेळा बॅलन्स्ड असतं, त्यात एकच आवाज दोन तारांवरून जातो, एक सरळ आणि एक उलटा. साधी स्टिरिओ केबल घेऊन बॅलन्स्ड आउटमधून या होलात घातलं की डबा समजतो डावा आणि उजवा असे दोन चॅनेल आले. हेडफोनवर ऐकलं तर आवाज येतो, जरा पोकळ, डोक्याच्या मागून आल्यासारखा वाटतो, पण येतो, त्यामुळे ऑपरेटर निश्चिंत. आणि मोबाइलचा एकच स्पीकर असलेल्या प्रेक्षकाकडे डावा अधिक उजवा एकत्र होतो, सरळ अधिक उलटा बरोबर शून्य, आणि वक्ता नुसते ओठ हलवताना दिसतो. कमेंटमध्ये अर्धे म्हणतात आवाज नाही, अर्धे म्हणतात आहे की मस्त, आणि दोघं खरं बोलत असतात. उपाय: मिक्सरला आरसीएवालं रेकॉर्ड आउट असेल तर तेच वापरा, नसेल तर मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला आयसोलेटर टाका, त्याने गुणगुणपण जाते. आणि चेक करताना हेडफोनवर भरवसा न ठेवता एकदा फोनच्या स्पीकरवर ऐका.

लेव्हलचंही तसंच. मिक्सरचं प्रोफेशनल लेव्हल प्लस ४ डीबीयू, डब्याची अपेक्षा घरगुती मायनस १० डीबीव्हीची, दोन्हीत साधारण १२ डीबीचा फरक. डब्यावर नॉब नाही, पेजवर ० ते १०० चा स्लायडर आहे, पण तो स्लायडर आत शिरून डिजिटल झालेल्या आवाजाला कमी करतो, फाटलेला आवाज कमी केला तर हळू आवाजात फाटलेलाच ऐकू येतो. मिक्सरचं आउट खाली आणा, स्लायडरला हात लावू नका. मीटर आहे पेजवर, पण तो सेकंदा-सेकंदाने हलतो, त्यावरून पीक कळत नाही. इथे कंपनीने जरा जीव लावला असता तर बरं झालं असतं.

ओठ आणि आवाज जुळवायला ऑडिओ डिले दिलाय, मिलिसेकंदात, आणि हे चांगलं केलंय. कॅमेरा चित्र बाहेर काढायला काही फ्रेम घेतो, मध्ये स्विचर असेल तर तो अजून घेतो, मिक्सरचा आवाज मात्र तडक पोचतो, म्हणून आवाज नेहमी पुढे असतो. कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवायची, डब्यातच त्याचं छोटं रेकॉर्डिंग करायचं, कंप्युटरवर फ्रेम फ्रेम पुढे करत बघायचं की आवाजाचा टोक आणि हात भिडल्याची फ्रेम यात किती फ्रेम आहेत. २५ फ्रेमला एक फ्रेम ४० मिलिसेकंद, गुणाकार करून आकडा भरायचा. प्रिव्ह्यूवर बघून अंदाजाने करू नका, ब्राउझरमधला प्रिव्ह्यू स्वतःच मागे-पुढे होतो. सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ ठेवलाय मी, एचडीएमआयचा आवाज तसाही ४८ लाच येतो आणि ४४.१ ला बदलायला लावलं की हा डबा अधूनमधून टिक टिक करतो.

स्ट्रीम की भरण्याचं थोडक्यात. दोन खाने असायला हवेत, इथे एकच आहे, सर्व्हरचा पत्ता, मग तिरकी रेघ, मग की, सगळं एका ओळीत. कॉपी-पेस्ट करताना शेवटी एक स्पेस चिकटून येते ती दिसत नाही आणि डबा ती काढत नाही, म्हणून पेस्ट केल्यावर एंड दाबून कर्सर कुठे उभा राहतो ते बघा. की कुणाला दाखवू नका, ज्याच्या हाती ती लागेल तो तुमच्या चॅनेलवर लाइव्ह जाऊ शकतो, आणि तरी लोक मदत मागताना या पेजचा पूर्ण स्क्रीनशॉट टाकतात. अजून एक, ज्यांचं यूट्यूब चॅनेल नवीन आहे त्यांनी लाइव्ह आधीच ऑन करून ठेवा, पहिल्यांदा ऑन करताना २४ तासांपर्यंत थांबावं लागू शकतं, कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी डब्यावर राग काढून उपयोग नाही.

आता ज्यासाठी मी याला पैकीच्या पैकी दिले ते. माझं स्पष्ट मत आहे की आजकाल पिक्चर सगळेच डबे चांगलं देतात, त्यावरून निवड करायची वेळ गेली. एन्कोडर ओळखायचा तो नेट गेल्यावर. दुकानदार डेमो देताना लॅन केबल काढून परत लावून दाखवतो आणि म्हणतो बघा आपोआप जोडलं गेलं. ती सोपी परीक्षा आहे. केबल निघाली हे डब्याला लगेच कळतं, दिवा विझतो, परत लावली की तो नव्याने सुरुवात करतो. खरी परीक्षा म्हणजे डब्याची केबल तशीच ठेवायची आणि राउटरच्या मागची, बाहेरून इंटरनेट आणणारी केबल काढायची. डब्याच्या दृष्टीने सगळं जागेवर आहे, लिंक चालू, राउटर समोर, फक्त पलीकडून उत्तर येत नाही. वाईट डबे इथे अडकतात, त्यांना वाटतं आपण अजून जोडलेलेच आहोत, नेट परत आलं तरी त्या मेलेल्या कनेक्शनला धरून बसतात आणि शेवटी कुणीतरी धावत जाऊन करंट काढून लावतो. माझ्याकडच्या आधीच्या डब्याचं हेच रडगाणं होतं. हा मात्र काही सेकंद वाट बघतो, जुनं कनेक्शन स्वतः तोडतो, आणि नेट येईपर्यंत पुन्हा पुन्हा दार वाजवत राहतो. केबल बरीच वेळ बाहेर ठेवून बघितली, जोडली की आपसूक परत आला, कुणी पेज उघडायला नको की बटण दाबायला नको. वीज जाऊन आली तरी तेच, सुरू होतो आणि थेट स्ट्रीम लावतो.

फक्त प्लॅटफॉर्मच्या बाजूला यूट्यूबचं ऑटो-स्टॉप बंद ठेवा. ते चालू असलं तर डब्याकडून येणं थांबलं की यूट्यूब कार्यक्रम संपला असं समजून गाशा गुंडाळतं, आणि मग डबा कितीही इमानदारीने परत आला तरी जुन्या लिंकवर बसलेल्या प्रेक्षकांना काही दिसत नाही.

जिथे नेट पूर्ण जात नाही पण सारखं अडखळतं तिथे आरटीएमपीचा स्वभाव आडवा येतो. ते टीसीपीवर चालतं, एक पॅकेट हरवलं की ते परत येईपर्यंत मागचे सगळे रांगेत थांबतात, रांग वाढते, मग डबा फ्रेम टाकून द्यायला लागतो. एसआरटी ही पाठवायची दुसरी पद्धत यासाठीच आहे. हैव्हिजन कंपनीने बनवलं, २०१७ मध्ये ओपन सोर्स केलं, यूडीपीवर चालतं आणि हरवलेलं तेवढंच परत मागवतं. त्यात लॅटेन्सीचा एक आकडा भरायचा असतो, त्याला गच्चीवरची टाकी समजा, नळ थोडा वेळ गेला तरी खाली पाणी येत राहतं, टाकी केवढी ते तुम्ही ठरवायचं. डिफॉल्ट १२० मिलिसेकंद असतं, ते एकाच बिल्डिंगमध्ये ठीक आहे. लांबच्या सर्व्हरला पिंग करून येण्या-जाण्याचा वेळ बघा आणि त्याच्या चौपट तरी ठेवा, १०० लागत असतील तर ४००, नेट वाईट असेल तर सरळ १०००-२००० टाका, तसंही प्रेक्षकापर्यंत पोचायला प्लॅटफॉर्म त्याच्यापेक्षा जास्त वेळ खातोच. डब्याला कॉलर (कनेक्शन सुरू करणारा) ठेवा आणि सर्व्हरला लिसनर (त्याची वाट बघणारा), म्हणजे तुमच्या बाजूला राउटरमध्ये पोर्ट उघडायची भानगड राहत नाही. तुमचा प्लॅटफॉर्म थेट एसआरटी घेत नसेल तर मध्ये आपला एक सर्व्हर ठेवून तिथून पुढे आरटीएमपी करावं लागतं, त्यामुळे घ्यायच्या आधी विचारून घ्या. या डब्यात एसआरटी नीट चालतं, पासफ्रेज टाकून एन्क्रिप्शनपण होतं.

यातच कंपनीने केलेला सगळ्यात मोठा कंजूसपणा सांगतो: लॉग नाही. स्टेटसच्या पेजवर "कनेक्टेड" आणि किती वेळ झाला, एवढंच. किती फ्रेम टाकल्या, कितीदा तुटलं, कधी तुटलं, काही नाही. नेट गेल्यावर इतकं शहाण्यासारखं वागणारं यंत्र, पण त्याने काय केलं ते विचारायची सोयच नाही. सध्या मी प्लॅटफॉर्मच्या स्ट्रीम हेल्थवर नजर ठेवून काम भागवतो.

करंटची पिन ढिली आहे, केबलचा धक्का लागला की निघते, वेलक्रोने बांधून टाका. पीओई (लॅन केबलमधूनच करंट) नाहीये, असतं तर ही एक तार वाचली असती. फॅन नाही म्हणून आवाज नाही, पण अंगाला हात लावला तर चांगलाच तापलेला लागतो. मिक्सरच्या वर, कपड्याखाली, बॅगेत ठेवून चालवू नका, मोकळी हवा मिळाली की तासनतास चालतो, मला कधी बंद पडलेला सापडला नाही. यूपीएस लावणार असाल तर राउटरलाही लावा, नुसता डबा जिवंत राहून उपयोग काय.

रेकॉर्डिंगचं शेवटी. मेमरी कार्डवर लाइव्हबरोबरच रेकॉर्ड होतं आणि ते मी कायम चालू ठेवतो, नेट तुटलं तरी कार्डावर सलग असतं, नंतर अपलोड करायला तेच कामाला येतं. कार्ड फॅट३२ असेल तर एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही, ६ मेगाबिटला साधारण दीड तासाने डबा नवी फाइल सुरू करतो, सांध्यावर काही गेलेलं मला दिसलं नाही. फॉरमॅटमध्ये एमपी४ आणि टीएस असे दोन पर्याय आहेत आणि फॅक्टरीत एमपी४ निवडलेला येतो, तो बदलून टीएस करा, कारण एमपी४ ची अनुक्रमणिका फाइल बंद होताना लिहिली जाते, मध्येच वीज गेली की आत सगळं असूनही फाइल उघडत नाही, टीएस मात्र जिथपर्यंत लिहिलंय तिथपर्यंत चालते. हे सेटिंग रेकॉर्डच्या टॅबमध्ये नाहीये, स्टोरेजच्या टॅबमध्ये आहे, का ते विचारू नका.